नॉर्थ कॅरोलायनात मते जवळजवळ निम्मी-निम्मी, मग प्रतिनिधिगृहाच्या जागा दहा आणि चार कशा?

भुईकोट यांचा प्रश्न :

नमस्कार. मी बँकेतून निवृत्त झालो असून नोकरीच्या काळात लोकसभेपासून महापालिकेपर्यंत सहा-सात निवडणुकांत मतदान केंद्रावर काम केले आहे. त्यामुळे मतदारयादी, मतदारसंघ, मतमोजणी हे शब्द मला नवे नाहीत. तरीही भाचीशी फोनवर झालेल्या एका बोलण्याने मी बुचकळ्यात पडलो आहे. येथे अमेरिकेच्या राजकारणाचा अभ्यास असणारी मंडळी आहेत, म्हणून प्रश्न जरा सविस्तर मांडतो.

भाची नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो येथे राहते. (हे शहर एकेकाळी डेनिमच्या कापडासाठी नावाजलेले होते. तेथील व्हाइट ओक ही जुनी गिरणी २०१७ च्या अखेरीस बंद पडली, असे तिने सांगितले तेव्हा मला आपली सोलापूरची बंद पडलेली लक्ष्मी-विष्णू गिरणी आठवली. असो.) नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने तेथील नागरिक म्हणून पहिल्यांदाच मतदान केले. ती म्हणाली, "मामा, आम्ही घर बदलले नाही, पण दोन वर्षांपूर्वी आमची सगळी गिल्फर्ड काउंटी एका मतदारसंघात होती आणि आता तिचे तीन तुकडे तीन वेगवेगळ्या मतदारसंघांत गेले आहेत. माझी मैत्रीण गाडीने दहा मिनिटांवर राहते, तरी तिचा प्रतिनिधी वेगळा आणि माझा वेगळा."

त्यानंतर मी त्या राज्यातले प्रतिनिधिगृहाचे, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे, निकाल वहीत उतरवून काढले. २०१० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाला ७ आणि रिपब्लिकन पक्षाला ६ जागा होत्या. २०१२ मध्ये हेच आकडे ४ आणि ९ झाले. पुढे २०१४, २०१६ आणि २०१८ अशा तिन्ही वेळा ३ आणि १० राहिले. २०२० मध्ये ५ आणि ८, २०२२ मध्ये एक जागा वाढून बरोबर ७ आणि ७, आणि २०२४ मध्ये ४ आणि १०. आता गंमत पाहा. याच राज्याने २०१६, २०२० आणि २०२४ अशा तिन्ही वेळा अध्यक्षपदासाठी ट्रम्प यांना कौल दिला आणि त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर राज्याचा कारभार पाहणारा गव्हर्नर मात्र डेमोक्रॅटिक पक्षाचा निवडला. म्हणजे हे राज्य काही कोणा एका पक्षाच्या दावणीला बांधलेले नाही.

माझे प्रश्न असे. मतदारांचा कल फारसा बदलत नसताना जागा दर दोन-चार वर्षांनी अशा खाली-वर कशा होतात? मतदारसंघांची हद्द तेथे कोण ठरवते? आणि आपल्याकडे लोकसभा मतदारसंघांची फेररचना होईल तेव्हा असे काही घडू शकते काय?

जेकार्ड यांचे उत्तर :

भुईकोट साहेब, आपण आकडे वहीत उतरवून घेतलेत हे फार बरे केले, कारण उत्तर त्या आकड्यांतच आहे. तेथे डिस्ट्रिक्ट म्हणतात तो आपला जिल्हा नव्हे. तो केवळ निवडणुकीसाठी आखलेला मतदारसंघ असतो. आपल्या जिल्ह्याच्या जवळ जाणारा घटक म्हणजे काउंटी. नॉर्थ कॅरोलायनात अशा १०० काउंट्या आहेत. काउंटीची हद्द वर्षानुवर्षे तीच राहते, मतदारसंघाची मात्र बदलू शकते.

प्रतिनिधिगृहाच्या एकूण जागा ४३५. दर दहा वर्षांनी जनगणना झाली की त्या जागा राज्यांमध्ये लोकसंख्येप्रमाणे पुन्हा वाटल्या जातात. २०२० च्या जनगणनेत नॉर्थ कॅरोलायनाची लोकसंख्या १ कोटी ४ लाखांवर गेली, म्हणून १३ च्या १४ जागा झाल्या. त्याच वेळी कॅलिफोर्नियाची एक जागा कमी होऊन ५२ उरल्या आणि टेक्सासच्या दोन वाढून ३८ झाल्या. राज्यातील सर्व मतदारसंघांची लोकसंख्या सारखी असावी, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये घालून दिला. तो आता इतक्या काटेकोरपणे पाळला जातो की सुमारे ७ लाख ४५ हजार वस्तीच्या दोन मतदारसंघांत एखाद्याच माणसाचा फरक असतो. वरवर पाहता यापेक्षा न्याय्य व्यवस्था कोणती असणार, असे वाटते. पण गोम इथेच आहे. माणसे सारखी असावीत एवढाच नियम आहे. ती कोठून उचलावीत हे रेषा आखणारा ठरवतो, आणि नॉर्थ कॅरोलायनात ती रेषा राज्याचे विधिमंडळ आखते. गव्हर्नरला इतर विधेयकांवर नकाराधिकार असला तरी या नकाशांवर तो नाही. म्हणून रॉय कूपर हे आठ वर्षे डेमोक्रॅटिक गव्हर्नर असूनही या बाबतीत त्यांना काही करता आले नाही.

आता हिशेब पाहू. समजा १०० मतदार आहेत, त्यांतले ५० एका पक्षाचे आणि ५० दुसऱ्या पक्षाचे, आणि आपल्याला वीस-वीस मतदारांचे पाच मतदारसंघ करायचे आहेत. दुसऱ्या पक्षाचे १८ मतदार एकाच मतदारसंघात कोंबले आणि त्यांच्यासोबत पहिल्या पक्षाचे केवळ दोन ठेवले, तर ती जागा दुसऱ्या पक्षाला भरघोस मतांनी मिळेल. मात्र त्याचे उरलेले ३२ मतदार बाकीच्या चार मतदारसंघांत आठ-आठ असे विखुरतील आणि तेथे पहिल्या पक्षाचे बारा-बारा असतील. मते निम्मी-निम्मी, जागा चार आणि एक. एका बाजूला कोंबायचे आणि दुसऱ्या बाजूला फोडायचे, एवढीच ही विद्या आहे. मी स्वतः चादरीच्या कारखान्यात आयुष्य काढले, म्हणून मला ते असे दिसते : ताण्याचे सूत तेच, बाण्याचे सूत तेच, पण मागावर नक्षी ठरवणाऱ्या जेकार्ड यंत्राची छिद्रांच्या पुठ्ठ्यांची माळ बदलली की मोराच्या जागी कमळ उमटते. सूत बदलले का, असे कोणी विचारत नाही.

आपल्या वहीतल्या आकड्यांकडे या नजरेने पाहा. २०१० मध्ये रिपब्लिकन पक्षाने शंभरहून अधिक वर्षांनी विधिमंडळाची दोन्ही सभागृहे जिंकली आणि २०११ मध्ये नवा नकाशा केला. २०१२ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारांना राज्यभरात मिळून निम्म्याहून थोडी अधिक मते पडली, तरी १३ पैकी चारच जागा हाती आल्या. २०१६ च्या सुरुवातीला संघराज्याच्या न्यायालयाने पहिला आणि बारावा मतदारसंघ वंशाच्या आधारे आखल्याबद्दल रद्द केला आणि पुढल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. दरम्यान विधिमंडळाने २०१६ मध्येच नवा नकाशा केला होता आणि या वेळी आपण वंश पाहिलेला नसून पक्ष पाहिला आहे, असे उघड सांगितले. नकाशा आखणाऱ्या समितीच्या प्रमुखांपैकी एक असलेल्या आमदार डेव्हिड लुईस यांनी बैठकीतच म्हटले, की दहा रिपब्लिकन आणि तीन डेमोक्रॅट निवडून येतील असा नकाशा मी सुचवतो, कारण अकरा आणि दोन असा नकाशा काढता येईल असे मला वाटत नाही. इतका स्वच्छ कबुलीजबाब आपल्याकडच्या एखाद्या इरसाल पुढाऱ्यानेही दिला नसता.

आपल्या भाचीच्या शहरात त्या नकाशाने काय केले, तेही सांगतो. ग्रीन्सबरो येथे नॉर्थ कॅरोलायना कृषी व तंत्र विद्यापीठ आहे. ते ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांचे असून, याच विद्यापीठाच्या चार विद्यार्थ्यांनी १ फेब्रुवारी १९६० रोजी वूलवर्थच्या दुकानातील गोऱ्यांसाठी राखलेल्या खानावळीत बसून सत्याग्रह सुरू केला होता. २०१६ च्या नकाशाची रेषा या विद्यापीठाच्या आवारातील एका रस्त्यावरून गेली. रस्त्याच्या एका कडेचे वसतिगृह सहाव्या मतदारसंघात आणि दुसऱ्या कडेचे तेराव्या. विद्यार्थी एकाच खाणावळीत जेवत होते, पण मत देताना त्यांचे दोन भाग होत होते. दोन्ही ठिकाणी ते आसपासच्या ग्रामीण, रिपब्लिकन वस्तीत विरघळून गेले. २०२० च्या निवडणुकीआधी राज्याच्या न्यायालयापुढे दावा चालला, नकाशा पुन्हा बदलला आणि विद्यापीठ एकत्र आले. ५ आणि ८ हा निकाल त्यानंतरचा.

पार्क चौक यांचे उत्तर :

जेकार्ड यांनी मांडलेली बाजू अर्धी खरी आहे, असे मला वाटते. मते आणि जागा यांत तफावत दिसली की लगेच रेषा आखणाऱ्याकडे बोट दाखवायचे, हे घाईचे आहे. आपल्याच राज्याचे उदाहरण घ्या. २०२४ च्या लोकसभेत महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांची टक्केवारी जवळजवळ सारखी होती, फरक एका टक्क्याहूनही कमी. जागा मात्र आघाडीला ३० आणि महायुतीला १७, आणि सांगलीची एक अपक्षाला. आपल्याकडचे मतदारसंघ २००८ पासून तसेच आहेत आणि ते कोणत्याही पक्षाने आखलेले नाहीत. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, ही पद्धत एकदा स्वीकारली की थोड्या मतांच्या फरकाने जागांचे पारडे असे झुकणारच.

शिवाय अमेरिकेत डेमोक्रॅटिक मतदार मोठ्या शहरांत दाटीने राहतात. नॉर्थ कॅरोलायनात शार्लट, रॅली, डरहॅम येथे त्यांना प्रचंड मताधिक्य मिळते आणि ते मताधिक्य तेथेच वाया जाते. कोणीही कोंबले नाही तरी ते आपोआप कोंबलेले असतात. हा दोष नकाशाचा की वस्तीचा?

तिसरी गोष्ट, आणि ती भुईकोट साहेबांच्या जुन्या कामाशी संबंधित आहे. २०१८ च्या ज्या निकालात १० आणि ३ असे आकडे त्यांनी लिहिले आहेत, त्यांतली नवव्या मतदारसंघाची जागा त्या वर्षी भरलीच नव्हती. रिपब्लिकन उमेदवार ९०५ मतांनी पुढे होता, परंतु ब्लेडन काउंटीत त्याच्या प्रचारासाठी नेमलेल्या माणसांनी घरोघरी जाऊन टपाली मतपत्रिका बेकायदा गोळा केल्याचे उघडकीस आले. राज्याच्या निवडणूक मंडळाने निकाल प्रमाणित करण्यास नकार दिला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये नव्याने निवडणूक घ्यावी लागली. केंद्रावर काम केलेल्या माणसाला अशा प्रकाराची चीड येते. पण तो कायद्याने पकडता आला आणि दुरुस्तही झाला, हेही लक्षात घ्यावे.

जेकार्ड यांचे उत्तर :

पार्क चौक यांचा पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. केवळ तफावत हा पुरावा नव्हे, आणि महाराष्ट्राचे उदाहरण त्यासाठी चपखल आहे. दुसरा मुद्दा मात्र न्यायालयात तपासला गेला आहे आणि तो टिकला नाही.

ड्यूक विद्यापीठातील गणितज्ञ जोनाथन मॅटिंग्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाकडून याच राज्याचे २४ हजारांहून अधिक नकाशे काढून घेतले. संगणकाला पक्ष माहीत नव्हता. लोकसंख्या सारखी ठेवायची, काउंट्या शक्यतो फोडायच्या नाहीत, आकार आटोपशीर ठेवायचा, एवढेच नियम त्याला दिलेले होते. मग प्रत्येक नकाशावर प्रत्यक्ष पडलेली मते टाकून पाहिली. शहरांतली दाटी या प्रत्येक नकाशात होतीच, कारण माणसे तीच आणि घरे तीच. तरीही १० आणि ३ असा निकाल एक टक्क्याहूनही कमी नकाशांत निघाला. म्हणजे दाटीमुळे डेमोक्रॅटिक पक्षाचे थोडे नुकसान होते हे खरे, परंतु प्रत्यक्षात झालेले नुकसान त्या दाटीच्या पलीकडचे होते. वस्तीचा दोष किती आणि रेषेचा किती, हे वेगळे करून दाखवण्याची ही रीत मला फार आवडते. आपल्याकडेही कोणी तरी ती वापरून पाहावी.

एवढे असूनही २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असे ठरवले की पक्षहितासाठी आखलेले नकाशे लोकशाहीशी विसंगत असले तरी संघराज्याच्या न्यायालयांनी त्यांत पडू नये. तो खटला याच राज्याचा होता. दरवाजा बंद झाला तो संघराज्याच्या न्यायालयाचा. राज्याच्या न्यायालयाचा उघडा राहिला, आणि पुढची सगळी कहाणी तेथे घडली.

ही कहाणी भुईकोट साहेबांच्या शेवटच्या दोन आकड्यांची आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, ज्यात चार डेमोक्रॅट आणि तीन रिपब्लिकन न्यायमूर्ती होते, विधिमंडळाचा नवा नकाशा चार विरुद्ध तीन मतांनी रद्द केला. त्या एका निवडणुकीपुरता न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या मदतीने नकाशा ठरला, आणि निकाल लागला ७ आणि ७. त्या राज्यात न्यायमूर्तीसुद्धा पक्षाच्या नावावर निवडून येतात, हे आपल्याला पचायला जड जाते. २०२२ च्या त्याच नोव्हेंबरात मतदारांनी दोन नवे रिपब्लिकन न्यायमूर्ती निवडले आणि न्यायालय पाच विरुद्ध दोन असे उलटले. एप्रिल २०२३ मध्ये नव्या न्यायालयाने जुन्या न्यायालयाचा निकाल फिरवला. राज्यघटनेतला एक शब्दही बदलला नव्हता. विधिमंडळाने त्याच वर्षी पुन्हा नकाशा केला, त्यात गिल्फर्डचे तीन तुकडे झाले, आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या जेफ जॅक्सन, वायली निकेल आणि कॅथी मॅनिंग या तीन विद्यमान प्रतिनिधींनी आपल्या जागा आता जिंकण्याजोग्या राहिल्या नाहीत हे ओळखून लढतच दिली नाही. कॅथी मॅनिंग या भाचीच्याच मतदारसंघाच्या प्रतिनिधी होत्या. जॅक्सन यांनी राज्याच्या महाधिवक्ता पदासाठी अर्ज भरला आणि ते निवडून आले. ती निवडणूक संपूर्ण राज्यातून होते, तिला मतदारसंघाची रेषा नसते. त्याच मतदारांनी त्याच दिवशी दिलेल्या मतांचे दोन निकाल आपल्यापुढे आहेत : रेषा नाही तेथे डेमोक्रॅट विजयी, रेषा आहे तेथे १४ पैकी चार.

नवव्या मतदारसंघाच्या प्रकरणाबद्दल एवढेच म्हणेन की मतपत्रिका पळवणे हा गुन्हा ठरतो आणि रेषा हलवणे हा ठराव ठरतो.

उत्तर कसबा यांचे उत्तर :

चर्चा वाचत होतो. अमेरिकेबद्दल माझ्याजवळ फारसे सांगण्यासारखे नाही, परंतु भुईकोट साहेबांच्या तिसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो.

लोकसभा आणि विधानसभा मतदारसंघांची हद्द आपल्याकडे विधिमंडळ ठरवत नाही. त्यासाठी परिसीमन आयोग असतो. १९५२, १९६३, १९७३ आणि २००२ असे चार वेळा तो नेमला गेला. शेवटच्या आयोगाचे अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते. खासदार आणि आमदार आयोगाचे सहयोगी सदस्य म्हणून बसतात, म्हणणे मांडतात, पण त्यांना मतदानाचा हक्क नसतो. आयोगाच्या आदेशाला कायद्याचे बळ असते आणि राज्यघटनेच्या ३२९ व्या अनुच्छेदामुळे मतदारसंघांच्या आखणीला न्यायालयात आव्हान देण्याची वाट बहुतांशी बंद आहे. नॉर्थ कॅरोलायनात दर दोन वर्षांनी न्यायालयाची पायरी चढावी लागते, आपल्याकडे ती सहसा चढताच येत नाही. दोहोंतले बरे कोणते, यावर वाद घालता येईल.

मात्र पक्षाचा हात नसला तरी रेषेचा परिणाम होतोच, आणि सोलापूर जिल्ह्याइतका तो कोठे दिसला असेल, कोण जाणे. २००८ पर्यंत सोलापूर ही सर्वसाधारण जागा होती आणि पंढरपूर अनुसूचित जातींसाठी राखीव होती. फेररचनेत पंढरपूर हा लोकसभा मतदारसंघच नाहीसा झाला, सोलापूर राखीव झाले आणि माढा नावाचा नवा मतदारसंघ जन्माला आला. रामदास आठवले १९९९ आणि २००४ असे दोनदा पंढरपुरातून निवडून आले होते. २००९ मध्ये त्यांना शिर्डीला जावे लागले आणि तेथे ते हरले. त्याच वर्षी माढ्यातून शरद पवार आणि सोलापुरातून सुशीलकुमार शिंदे लोकसभेत गेले. जिल्ह्यातील ११ विधानसभा क्षेत्रांपैकी सहा आज सोलापूर मतदारसंघात आहेत, चार माढ्यात आणि बार्शी एकटी धाराशिवकडे. माढ्याला सातारा जिल्ह्यातील फलटण आणि माण जोडलेले आहेत. बार्शीचा मतदार कामाला, बाजाराला, दवाखान्याला सोलापूरला येतो आणि खासदार मात्र तुळजापूर, औसा, उमरग्याच्या मतदारांबरोबर निवडतो. गिल्फर्डचे तीन तुकडे झाले म्हणून भाचीला नवल वाटले, पण मामाचा जिल्हाही तीन मतदारसंघांत वाटलेला आहे. फरक हेतूचा आहे आणि तो मी कमी लेखत नाही. आपल्याकडे ते तुकडे लोकसंख्येच्या हिशेबाने पडले आणि दर दोन वर्षांनी हलत नाहीत.

राखीव जागांचा विषय निघाला म्हणून आणखी एक. अमेरिकेत आपल्यासारखी राखीव जागा नाही. तेथे १९६५ च्या मताधिकार कायद्याच्या आधारे, कृष्णवर्णीय मतदारांना आपल्या पसंतीचा प्रतिनिधी निवडता यावा अशी रेषा आखण्याचा मार्ग काढला गेला. १९९२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने असे दोन मतदारसंघ केले आणि १९०१ नंतर प्रथमच त्या राज्यातून कृष्णवर्णीय प्रतिनिधी निवडून आले. त्यांतला बारावा मतदारसंघ ८५ क्रमांकाच्या महामार्गाला धरून सुमारे १६० मैल, म्हणजे अडीचशे किलोमीटर लांब गेला होता आणि काही ठिकाणी त्याची रुंदी त्या महामार्गाएवढीच होती. सोलापुरातून निघून मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करत पुण्यापर्यंत पुणे रस्त्याच्या दोन्ही कडांची काही घरे तेवढी घ्यावीत आणि त्याला मतदारसंघ म्हणावे, तसा तो प्रकार. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर ताशेरे ओढले. आपल्याकडे राखीव जागेचा मतदार सर्व जातींचा असतो आणि फक्त उमेदवार ठराविक जातींचा असतो, त्यामुळे असली सर्पाकृती रेषा काढण्याची गरजच पडली नाही. उलट बाजूने, राखीव मतदारसंघातला दलित मतदार निर्णायक असतोच असे नाही, ही तक्रारही आपल्याकडे जुनी आहे.

आता जवळचे सांगतो. लोकसभेच्या बाबतीत आपण सुरक्षित असलो तरी महापालिकेच्या बाबतीत आपले चित्र अमेरिकेच्या फार जवळ जाते, असे माझे मत आहे. प्रभागात सदस्य किती असावेत हे राज्य सरकार ठरवते. २०१२ मध्ये दोन सदस्यांचा प्रभाग होता, २०१७ मध्ये चारांचा झाला, २०२१ मध्ये तीनांचा निर्णय झाला आणि सरकार बदलताच २०२२ मध्ये पुन्हा चारांचा. आपल्या सोलापूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि १०२ जागांसाठी मतदान झाले ते जानेवारी २०२६ मध्ये. सदस्यसंख्या बदलली की प्रत्येक रेषा नव्याने आखावी लागते, आणि दोन सदस्यांच्या प्रभागात एखाद्या वस्तीच्या जोरावर निवडून येणारा अपक्ष चार सदस्यांच्या प्रभागात बुडतो.

प्रारूप प्रभाग रचना जाहीर झाली, तेव्हा भिंतीवर लावलेला नकाशा पाहायला मी शेजाऱ्यांबरोबर गेलो होतो. प्रभागांची आखणी उत्तरेकडून सुरू करायची, ईशान्येकडून पूर्वेला यायचे, मग पश्चिमेकडे सरकत दक्षिणेला संपवायचे, जनगणनेचा प्रगणक गट (मोजणीसाठी पाडलेला वस्तीचा लहान तुकडा) शक्यतो फोडायचा नाही, नाला, रेल्वेचे रूळ, मोठा रस्ता यांना हद्द मानायचे, असे नियम असतात. नकाशावर जाड लाल रेषा होती. आमच्यातले एक आजोबा चष्मा कपाळावर सरकवून बोटाने आपला बोळ शोधत होते. तो सापडल्यावर बोट तेथेच ठेवून त्यांनी विचारले, "मारुतीचे देऊळ इकडच्या बाजूला आले की तिकडच्या?" मागे उभ्या असलेल्या दोघा इच्छुकांनाही तेच हवे होते, फक्त देवळाऐवजी त्यांनी मतदारयादीचा भाग क्रमांक विचारला.

पुढच्या परिसीमनाबद्दल म्हणाल, तर १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांना मिळणाऱ्या लोकसभेच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या आणि २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. आपल्याकडचा मोठा वाद महाराष्ट्राच्या ४८ आणि उत्तर प्रदेशाच्या ८० जागांचे प्रमाण पुढे काय राहील, दक्षिणेतल्या राज्यांचे काय होईल, हा असणार आहे. मतदारसंघाची रेषा गल्लीतून कशी जाते याकडे त्या गदारोळात कोणाचे लक्ष जाईल, याची मला शंकाच आहे.

भुईकोट यांचे उत्तर :

सर्वांचा आभारी आहे. जेकार्ड यांचे वीस-वीस मतदारांचे उदाहरण मी भाचीला फोनवर वाचून दाखवले. तिने लगेच तिच्या काउंटीच्या निवडणूक मंडळाने टपालाने पाठवलेल्या मतदार कार्डाचा फोटो पाठवला. त्या एका कार्डावर काँग्रेसचा (तेथे संसदेला काँग्रेस म्हणतात) मतदारसंघ, राज्याच्या सिनेटचा मतदारसंघ, राज्याच्या प्रतिनिधिगृहाचा मतदारसंघ असे निरनिराळे क्रमांक एकाखाली एक छापलेले आहेत. आपल्या ओळखपत्रावर एवढी गर्दी कधी पाहिली नाही. तिची मतपत्रिका कागदाची आणि दोन्ही बाजूंनी छापलेली होती. प्रत्येक नावापुढचे लंबवर्तुळ पेनाने भरायचे होते आणि त्यांत न्यायमूर्तींचीही नावे होती. ती नावे आपण घाईत भरली, असे ती म्हणाली. आता तिला त्याची रुखरुख लागली आहे.

एक उपप्रश्न राहतो. रेषा अशा पक्क्या असतील तर नोव्हेंबरातील मतदानाला अर्थ काय उरतो?

जेकार्ड यांचे उत्तर :

बहुतेक मतदारसंघांत खरी लढत पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत होते. २०२४ मध्ये ती मार्चमध्ये झाली. त्या राज्यात कोणत्याही पक्षात नोंद नसलेल्या मतदारालाही दोहोंपैकी एका पक्षाची प्राथमिक मतपत्रिका मागता येते, त्यामुळे भाचीने कोठे नोंद केली नसेल तरी तिची वाट बंद नाही. तेथे ३० टक्क्यांहून अधिक मते घेऊन पहिला आलेला उमेदवार थेट पुढे जातो. न मिळाल्यास दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार फेरमतदान मागू शकतो.

न्यायमूर्तींच्या नावांबद्दल तिची रुखरुख अस्थानी नाही. २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची एक जागा ॲलिसन रिग्ज यांनी ७३४ मतांनी राखली. राज्यभरातून ५५ लाखांहून अधिक मते पडली होती. त्या ७३४ मतांचा वाद मे २०२५ पर्यंत चालला.

नोव्हेंबरात चुरस उरलेला जवळजवळ एकच मतदारसंघ होता, ईशान्येकडचा पहिला. तेथे २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे डॉन डेव्हिस थोडक्या मतांनी निवडून आले. टेक्सासने २०२५ मध्ये जनगणनेची वाट न पाहता नकाशा बदलला, कॅलिफोर्नियाने मतदारांचा कौल घेऊन त्याला उत्तर दिले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने पहिल्या आणि तिसऱ्या मतदारसंघांतील काही काउंट्यांची अदलाबदल केली. गिल्फर्डला त्या वेळी हात लावलेला नाही, त्यामुळे भाचीच्या कार्डावरचा काँग्रेसचा क्रमांक तूर्त तोच राहील.